गुलमर्ग की औली? पहिल्यांदाच स्कीइंग, सोबत सासूबाई आणि अकरा वर्षांची लेक

चाफेकळी (पुणे)

नमस्कार मंडळी, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात स्कीइंगला जायचं चाललंय. आम्ही चौघं: मी, नवरा, लेक आणि सासूबाई. सासूबाई ६८ च्या आहेत. गुडघे कुरकुरतात, पण बर्फ बघायची हौस दांडगी. जाऊन-येऊन आठ दिवस हातात आहेत. आमच्यापैकी कुणीच आजवर स्की पायात घातलेली नाही. लेक स्केटिंग करते, तिला फोटोपुरतं नाही, नीट शिकायचंय.

नवरा म्हणतो उत्तराखंडातली औली, कारण समोर नंदादेवी दिसते आणि गर्दी कमी. मला गुलमर्ग सोयीचं वाटतं, पण एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला जे झालं त्यानंतर काश्मीरचं नाव काढलं की माझे आईबाबा धास्तावतात. दोन्हीकडे स्की केलेलं कुणी आहे का इथे?

भटका ठाणेकर

औलीचं एक लक्षात घ्या. जानेवारी २०२३ मध्ये औलीच्या खालच्या जोशीमठ गावात जमीन खचून घरांना तडे गेले, तेव्हा जोशीमठ-औली रोपवे बंद केला. माझ्या माहितीप्रमाणे तो अजून सुरू झालेला नाही, म्हणजे वर गाडीनंच जायचं. बर्फ जास्त पडला की स्थानिक गाडीवाल्याच्या भरवशावर. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते जमेल का बघा.

हिमगौरी (नाशिक)

ताई, मी औलीला शिकले आणि नंतर गुलमर्गला जात राहिले. दोन्ही जागांवर माझा जीव आहे. तरी तुमच्या चौघांसाठी मी गुलमर्गच म्हणेन.

आधी प्रवासाचा हिशोब करा. औलीला डेहराडून किंवा हरिद्वारपर्यंत पोचायचं, मग ऋषिकेशहून जोशीमठ सुमारे २५० किलोमीटर, सगळा घाटरस्ता. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग करत पूर्ण दिवस जातो. जाताना दोन दिवस, येताना दोन, म्हणजे तुमचे आठातले चार गाडीतच गेले. श्रीनगर विमानतळाहून गुलमर्ग साधारण ५५ किलोमीटर. बर्फ असेल तर टंगमर्गला गाडी बदलून चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीनं शेवटचे १३ किलोमीटर चढायचे. विमान वेळेत असेल तर त्याच दिवशी मुक्कामी.

लेकीचं म्हणाल तर नवशिक्याला उंच डोंगर लागतच नाही. लागतो तो लांबरुंद, सौम्य उतार आणि रोज त्याच उतारावर उभा राहणारा एकच प्रशिक्षक. गुलमर्गला गोल्फ मैदानाच्या बाजूला असे उतार आहेत. पहिला दिवस नुसता स्की घालून चालणं, आडव्या पावलांनी खेकड्यासारखं वर चढणं आणि पडल्यावर उठणं यातच जातो, आणि जाऊ द्यावा. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या, नाहीतर उठता उठता परत घसरता. मग प्लाऊ, म्हणजे वेग आवरायची पद्धत: पुढची टोकं जवळ, टाचा बाहेर, गुडघे वाकलेले. हे अंगात मुरल्याशिवाय कुणी "चला गोंडोलानं (केबलकारनं) वर, तिथून स्की करत उतरू" म्हणालं तर साफ नाही म्हणा. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ चार हजार मीटरवर नेतो. तिथून खालचे बरेचसे उतार आखलेले नाहीत, हिमस्खलनाचा धोका खरा आहे आणि कसलेल्या परदेशी स्कीअरचेही तिथे जीव गेलेत.

सासूबाईंना मात्र पहिल्या टप्प्यानं कोंगडोरीला जरूर न्या. तीन हजार मीटरच्या जरा वर, चहूकडे बर्फ, केबिनमध्ये बसून जायचं. केबिन स्टेशनात पूर्ण थांबत नाही, सावकाश सरकत असते, तेव्हा कुणीतरी हात धरा. वर जास्त वेळ थांबू नका.

बूट भाड्याने घेताना घाई करू नका, माझं कळकळीचं सांगणं आहे. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे टेकावीत, गुडघे वाकवले की किंचित मोकळी व्हावीत आणि टाच उचलली जाऊ नये. थंडी वाजते म्हणून दोन मोजे घालायचे नाहीत. एकच लांब, लोकरीचा, सुरकुती न पडता. सुरकुती राहिली तर तासाभरात नडगी सोलवटते आणि मूल म्हणतं, मला स्कीइंग नको. मुलं शिकणं सोडतात त्यातली निम्मी बुटांपायी सोडतात, असं मला पाहून पाहून वाटतं.

औली कुणी निवडावी? ज्याच्याकडे दहा-बारा दिवस आहेत आणि जो गढवाल मंडल विकास निगमचा सात किंवा चौदा दिवसांचा कोर्स करू शकतो. राहणं, जेवण, साहित्य, शिक्षक सगळं एकत्र असतं, दिवसभर दुसरा विषय नाही. सकाळी नंदादेवीवर ऊन चढताना उतारावर उभं राहण्यासारखं सुख मला दुसरीकडे मिळालेलं नाही, तुमच्या यजमानांचं त्याबाबतीत अगदी बरोबर आहे. पण तिथे बर्फाचा भरवसा कमी. बर्फाअभावी तिथल्या स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्यात. हल्ली गुलमर्गलाही हे होतं: २०२४ चा जानेवारी बराचसा कोरडा गेला, आणि २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या तिथल्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चात गेल्या. म्हणून तारखा शक्य तेवढ्या फेब्रुवारीच्या मध्याकडे सरकवा.

आईबाबांच्या काळजीवर मी "काही होत नाही हो" असं म्हणणार नाही. तो निर्णय तुमच्या घरानं मिळून घ्यावा. नाही म्हणायचं ठरलं तर औली पुढच्या वर्षी, सुट्टी वाढवून करा. आठ दिवसांत कोंबू नका.

सह्यकडा

हिमगौरीताईंशी सहमत. दोन गोष्टी जोडतो. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, निदान एकाचं तरी पोस्टपेड असू द्या. आणि गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन आधीच काढा, तिथे पोचून मिळतील या आशेवर राहू नका.

चाफेकळी (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रवासाचा हिशोब नवऱ्याला वाचून दाखवला, त्याला पटला. आईबाबांशी रविवारी समोरासमोर बोलणार आहोत. हिमगौरीताई, लेकीचा पाय लहान आहे. मुलांच्या मापाचे बूट तिथे मिळतात का, की इथूनच न्यावेत?

हिमगौरी (नाशिक)

मिळतात, पण चांगले जोड सकाळी लवकर संपतात. पोचल्या दिवशी संध्याकाळीच दुकानात जाऊन घालून बघा आणि सगळ्या दिवसांसाठी तोच जोड बाजूला ठेवायला सांगा. मोजे आणि पाणी न शिरणारे हातमोजे मात्र पुण्याहूनच न्या.