मारायचं नाही हे कळलं. मग त्या क्षणी करायचं काय?

खडूफळा (धागाकर्ती)

पूर्व नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत मी सातवी-आठवीला भूगोल आणि मराठी शिकवते. बारा वर्षं झाली. जूनच्या शेवटी, शाळा भरायच्या आधी, आम्हाला दोन दिवसांचं ‘सकारात्मक शिस्त’ प्रशिक्षण झालं. दोन कूलर एवढे घरघरत होते की सुलभकांचं, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्यांचं, बोलणं मागच्या चार रांगांना ऐकूच येत नव्हतं. पडद्यावरचं वाचून दाखवलं: मारू नका, ओरडू नका, टोपणनावं ठेवू नका, उन्हात उभं करू नका. दुसऱ्या दिवशी चार वाजता अभिप्रायाचा फॉर्म आला. सगळ्यांनी ‘अतिशय उपयुक्त’वर टिक केली, मीही केली. समोसा खाल्ला, घरी गेलो.

पुढच्याच आठवड्यात आठवी ब. पट ५८. मी फळ्यावर नकाशा काढत असताना मागून ‘फर्र’ असा आवाज आला. एका पोराने कर्कटकाने पुढच्या मुलाचं नवीन दप्तर उभं फाडलं होतं. मी तिथे पोचले, हात उचलला, आणि प्रशिक्षण आठवून हात तसाच हवेत थांबला. तीन-चार सेकंद. सगळा वर्ग माझ्या हाताकडे बघत होता. मग कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मी तो हात केसांवरून फिरवला.

मारणं चूक आहे यावर मला वाद घालायचा नाही. माझा प्रश्न त्या तीन-चार सेकंदांचा आहे. तिथे काय करायचं, हे कोणी शिकवतं का?

निवृत्त गुरुजी

मॅडम, ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं, त्यातली वीस काटोल तालुक्यात. छडी टेबलावर असायची. वर्षातून चार-पाचदा उचलली असेल. ती दिसत होती, एवढंच पुरे होतं. त्यातलेच पोट्टे आज तहसीलमध्ये, बँकेत भेटतात, भर चौकात वाकून नमस्कार करतात. आता दोन दिवसांत ‘सकारात्मक’ व्हायला सांगतात आणि तुमचा हात हवेत राहतो. मुलांना त्या क्षणी कळलं की मॅडमकडे काही नाही. माझ्या मते नुकसान तिथे झालं.

महालातला एक

गुरुजी, तुम्हाला ओळखत नाही, पण तुमच्यासारखेच एक सर आम्हाला होते. सकाळची शाळा, डिसेंबरातली नागपूरची थंडी. हातच्याचा एक विसरलो की स्टीलची पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारायचे. थंडीत ते कसं लागतं ते ज्याला लागलंय त्यालाच ठाऊक. सहावीपासून मी गणिताच्या तासाला पोटात दुखायचं नाटक करायचो. नंतर नंतर ते खरंच दुखायला लागलं.

सर आजही संध्याकाळी गांधीसागर तलावावर फिरायला येतात. मी लांबून पाहिलं की दुसऱ्या बाजूने वळतो. बेचाळीस वर्षांचा आहे मी. वाकून नमस्कार करणारे तुम्हाला भेटतात गुरुजी, वळून जाणारे मोजायचे कसे?

वाडी नाका

काय सांगू जी मॅडम, मी तर माह्या पोट्ट्याले शाळेत टाकलं त्याच दिवशी सांगून आलो, अभ्यास नाही केला तर हाना, माहं काही म्हननं नाही. घरी त्याची माय बोलते तर आयकत नाही. दिवसभर ऑटो चालवून घरी गेलो की माह्यात त्राण राहत नाही. आता मास्तरनंही हात बांधून घेतले, मंग ह्या पोट्ट्यायले धाक कोनाचा राहीन?

कलम सतरा

धागा भावनेवर चाललाय म्हणून कायदा नेमका सांगतो. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १७: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई, उल्लंघन झालं तर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई. त्यात ‘थोडीशी’, ‘प्रेमाने’ किंवा ‘पालकांनी सांगितलं म्हणून’ असा अपवाद नाही. ऑटोवाल्या भाऊंची परवानगी कायद्याच्या दृष्टीने शून्य आहे.

हा कायदा ६ ते १४ वयापुरता, म्हणून नववी-दहावीत चालतं असं स्टाफरूममध्ये ऐकतो. बाल न्याय कायदा, २०१५, १८ वर्षांपर्यंत लागू आहे. त्याच्या कलम ७५ मध्ये, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने क्रूरपणे वागवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही.

आणि राष्ट्रीय बाल हक्क आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये फक्त छडी नाही. बाकावर उभं करणं, गुडघ्यावर बसवणं, कोंबडा करणं, वर्गासमोर टिंगल करणं, हे सगळं शिक्षेतच मोडतं. गंमत म्हणजे दिल्लीच्या शालेय नियमांत तळहातावर दहापर्यंत छड्या मारायची रीतसर तरतूद होती. ती दिल्ली उच्च न्यायालयाने २००० साली रद्द केली. तेव्हाही शिस्त बुडेल असंच म्हटलं जात होतं.

पट ६२

कलमं पाठ आहेत हो वकीलसाहेब. त्याच शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला ३५ मागे एक असंही लिहिलंय. ते कलम मोडलं म्हणून कोणाला नोटीस गेलेली मी पाहिली नाही. माझ्या वर्गाचा पट माझ्या नावातच आहे.

सकाळी खिचडीची नोंद, मग ऑनलाइन माहिती, मग बीएलओचे (मतदारयादीच्या कामाचे) फोन, त्यात दोन तास बदलीवर. आणि प्रशिक्षण द्यायला कोण येतं? ज्याने पंधरा वर्षांत सलग एक आठवडा वर्ग घेतलेला नाही असा माणूस. मला तर हे प्रशिक्षण म्हणजे सरकारने हात झटकायची सोय वाटते. उद्या काही झालं की कागद दाखवतील, ‘यांना प्रशिक्षण दिलं होतं, सही आहे बघा.’

एवढंच नाही. परवा एका पोराने मला तोंडावर सांगितलं, ‘सर, हात लावून दाखवा, व्हिडिओ काढतो.’ याचं उत्तर कोणत्या स्लाइडवर होतं?

मी पण सुलभक

कूलरवालं वाचून लाज वाटली, कारण असे हॉल मीही केलेत. मला वर्ग सोडून पंधरा वर्षं झालेली नाहीत, चार झाली. पण तुमचा मुद्दा मान्य.

मात्र ‘प्रशिक्षणाने काही होत नाही’ हे मान्य नाही. युगांडात लुवेरो जिल्ह्यातल्या ४२ प्राथमिक शाळांमध्ये ‘गुड स्कूल टूलकिट’ नावाच्या कार्यक्रमाची नीट चाचणी झाली. निम्म्या शाळांत कार्यक्रम, निम्म्यांत नाही. अठरा महिन्यांनी मुलांना विचारलं की गेल्या आठवड्यात शाळेत कोणी मारलं का. कार्यक्रम असलेल्या शाळांमध्ये मार खाण्याची जोखीम ४२ टक्क्यांनी कमी भरली. निष्कर्ष २०१५ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आले. तिथले सरकारी वर्गही काही पंचवीस-तीसचे नसतात.

पट ६२

युगांडा कुठे आणि उमरेड कुठे! आणि तुम्हीच अठरा महिने म्हणालात. आम्हाला दोन दिवस मिळाले, त्यात अर्धा दिवस उद्घाटन.

मी पण सुलभक

तेच तर म्हणतोय. तिथे एकट्या शिक्षकाला हॉलमध्ये बसवून सोडून दिलं नव्हतं. मुख्याध्यापक, पालक, मुलं सगळे त्यात होते, नियम मुलांसोबत बसून ठरत होते. आपण त्यातला फक्त हॉल उचलला. माझ्या हातात असतं तर दोन दिवसांऐवजी महिन्याच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या) बैठकीत एक तास घेतला असता: एकाने कर्कटकवालं पोर व्हायचं, एकाने मॅडम, बाकीच्यांनी बघायचं. हसं होतं पहिल्यांदा. तिसऱ्यांदा हात आपोआप खाली राहतो.

हात सवयीने उठतो मॅडम. नुसतं समजून तो खाली येत नाही.

निवृत्त गुरुजी

नाटक करून शिस्त येणार असेल तर नाट्यगृहातच शाळा भरवा. (महालातल्या भाऊ, तुमचं वाचलं. पट्टी उभी धरणं मी कधी केलं नाही. पण कोण वळून गेलं हे मी कधी पाहिलं नाही, हेही खरं.)

खडूफळा

मधले दोन दिवस लिहिलं नाही, कारण त्या दप्तराचं पुढे जे झालं ते लिहायला जड जात होतं.

त्या दिवशी मी मारलं नाही. डायरीत शेरा लिहिला, ‘पाल्याने सहाध्यायाचे दप्तर फाडले, पालकांनी भेटावे.’ सभ्य, नियमात बसणारा शेरा. दुसऱ्या दिवशी पोरगा आला तो फुल शर्ट घालून. घामाने भिजलेला. पाणी प्यायला बाही वर केली तेव्हा दंडावर पट्ट्याचा वळ दिसला. म्हणजे मी माझे हात स्वच्छ ठेवले आणि मार वडिलांकडून खायला लावला. प्रशिक्षणात यावर एक ओळ नव्हती. वाडी नाक्यावरच्या भाऊ, तुमच्यावर टीका करत नाहीये, पण ‘हाना’ म्हणून सांगून जाणारे पालक असतात तेव्हा डायरी हीच छडी होते.

वाडी नाका

मॅडम, हे वाचून थोडं चुपच बसलो. मी पट्टा नाही वापरत. हात वापरतो. आता तुमी म्हनसान तेच झालं. पन मंग पोट्टं काही करन तर मले कळवसान का नाही? की लपवून ठेवसान? ते बी बरोबर नाही.

कलम सतरा

वळ दिसत असेल तर मॅडम, तो विषय डायरीपुरता राहत नाही. १०९८ हा मदतीचा फोन क्रमांक मुलांसाठीच आहे. पहिल्याच दिवशी तिथे फोन करा असं म्हणत नाही, पण मुख्याध्यापकांना लेखी कळवून ठेवा. तुमच्याही संरक्षणाचं आहे.

खडूफळा

मुख्याध्यापकांना कळवलं, लेखी. त्यांनी वडिलांना बोलावलं, मीही बसले. वडील पूर्ण वेळ जमिनीकडे बघत होते. पुढचं पुढे बघू. भाऊ, कळवीन. पण डायरीत नाही, फोनवर. ‘मारू नका, फक्त ऐकून घ्या’ असं आधी सांगून.

सुलभक सर, नाटकाची आयडिया आमच्या स्टाफरूममध्ये मांडली. तिघी तयार झाल्या, बाकीचे चहा प्यायला निघून गेले.

निवृत्त गुरुजी

ते सगळं असू द्या. दप्तराचं काय झालं? ज्याचं फाटलं त्या पोराला कोणी विचारलं का?

खडूफळा

विचारलं. नवीन नको म्हणाला, हेच शिवून द्या म्हणाला. मी घरून सुई आणि दाभणाचा जाड दोरा आणला. छोट्या सुट्टीत फाडणाऱ्याने शिवलं, दोन दिवस लागले. काळ्या दप्तराला निळा दोरा, टाके वाकडेतिकडे, एकदा बोटात सुई गेली. दप्तरवाला शेजारी बसून ‘इथे सुटलं, परत घाल’ म्हणत होता. तेवढ्या वेळात दोघं एकमेकांशी भांडले नाहीत.

काल त्याच पोराने माझं डस्टर पंख्यावर फेकलं. सध्या तिथेच आहे.