अनुभव धागा : शब्द आधी वाचला की अक्षर आधी दिसलं?

मंडळी, फेडेक्स या कुरिअर कंपनीच्या गाडीवरचं नाव मी निदान दहा वर्षं वाचत होते. एकदा सिग्नलला ती गाडी शेजारी येऊन थांबली, माझ्याकडे करायला काही नव्हतं, आणि ई व एक्स यांच्या मधल्या पांढऱ्या जागेत चक्क बाण दिसला. घरी येऊन शोधलं. १९९४ मध्ये लिंडन लीडर यांनी हा लोगो केला. बाण वेगळा काढलेला नाही. युनिव्हर्स आणि फ्युचुरा या दोन टाइपांचे (म्हणजे अक्षरांच्या ठेवणींचे) गुण एकत्र करून, धाकट्या अक्षरांची उंची वाढवून, अक्षरंच अशी घडवली की मधली फट बाणाची व्हावी.

तेव्हापासून डोळ्यांना खोड लागली आहे. जाहिरात, पाटी, खोकं, पावती, काहीही हातात आलं की मजकूर राहतो बाजूला आणि मी अक्षरांकडे बघत बसते.

तुमचेही असे अनुभव लिहा. काय दिसलं, कधी दिसलं, दिसायला किती वेळ लागला. एकच अट: एसच्या जागी डॉलरचं चिन्ह किंवा ओच्या जागी पृथ्वीचा गोळा, असले प्रकार नकोत. ते अक्षर काढून चित्र चिकटवणं झालं. अक्षराने अक्षर राहून काहीतरी केलेलं असावं.

*

तुम्हाला दहा वर्षं लागली, मला तर तो बाण माझ्या चार वर्षांच्या मुलीने दाखवला. तिला वाचता येत नाही, म्हणूनच दिसला असणार. तिच्या लेखी तिथे नाव नव्हतंच, नुसते आकार होते. ळ म्हणजे आजोबांचा चष्मा, ठ म्हणजे छताला टांगलेला बल्ब.

मध्यंतरी तिला अक्षरं शिकवायला घेतली. महिन्याभरात ळ पक्का झाला आणि चष्मा गेला. परवा मुद्दाम विचारलं, "हे काय गं?" तर म्हणाली, "ळ बाळातला." बरोबर उत्तर, पण मला जरा चुटपुट लागली.

*

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पाट्यांवर धाकट्या आयच्या डोक्यावरचं टिंब गोल नसतं, पत्त्यातल्या चौकटसारखं असतं. ती अक्षरं एडवर्ड जॉन्स्टन यांनी घडवलेली, १९१६ ची. हे बघण्याच्या नादात माझं स्टेशन गेलं.

*

माझे वडील पाट्या रंगवायचे. आधी खडूची दोरी मारायची: दोघांनी दोन टोकं धरायची, मधे चिमटीत उचलून सोडायची, टक्क आवाज होऊन सरळ रेघ उमटायची. तीच शिरोरेषा. दुसरं टोक धरायचं काम माझं.

शाळेत भूमिती सुरू झाली तेव्हा मी शहाणपणा करून त्यांच्या इंग्रजी पाटीला पट्टी लावली. एच बरोबर रेघेत, पण ओ वरही थोडा बाहेर आणि खालीही. "बाबा, चुकलंय." त्यांनी काही न बोलता शेजारी खडूने दुसरा ओ काढला, अगदी रेघेत बसणारा. तो इतका आक्रसलेला दिसत होता की मीच पुसला.

गोल अक्षर रेघेला एकाच बिंदूत टेकतं, म्हणून मापात काढलं तर डोळ्याला लहान भासतं. टाइप घडवणारेही गोल अक्षरं अशीच किंचित मोठी ठेवतात, त्याला ओव्हरशूट म्हणतात, हे मला फार पुढे कळलं. बाबांकडे तो शब्द नव्हता. ते म्हणायचे, "पोट थोडं सुटू दे त्याचं."

ते गेल्यावर त्यांचे ब्रश मी घेतले, पण माझा हात तसा नाही. आजही कुठल्याही पाटीवर ओ दिसला की आधी त्याचं पोट बघतो.

*

वरचं वाचून आठवलं. पादचारी पुलावर उभा होतो. खाली डांबरावर "थांबा" लिहिलेलं, पण एवढं लांबलचक, जणू कुणी दोन्हीकडून धरून ताणलंय. रंगवणाऱ्याची कीव करत खाली उतरलो. थोड्या वेळाने त्याच रस्त्याने गाडीतून आलो तर अक्षरं नीटस, प्रमाणात. चालकाची नजर जमिनीलगत तिरकी पडते, त्यामुळे रस्त्यावरचं अक्षर आखूड दिसतं. ते हिशेबात धरूनच ताणलेलं असतं. रुग्णवाहिकेवरच्या उलट्या अक्षरांचं कौतुक सगळे करतात (पुढच्या गाडीच्या आरशात सुलटी दिसतात), या बिचाऱ्यावरून मात्र सगळे चाकं घालून जातात.

*

जर्मनीत भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट लिहून घेताना वाटलं, हे आकडे आणि अक्षरं एका घरातली वाटत नाहीत. प्रत्येकाची ठेवण निराळी, काही तर बेढबच. नंतर समजलं की मुद्दा तोच आहे. त्या टाइपच्या नावाचा अर्थच "बनावट करायला अवघड" असा आहे. एरवी पीला पाय जोडला की आर होतो, एफला खाली रेघ दिली की ई, तीनचा आठ तर काळ्या चिकटपट्टीने होतो. इथे अक्षरांचे आकार असे ठेवलेत की जोडकाम लगेच उघडं पडावं. कार्लगिओर्ग होफर यांचं काम. धागालेखिकेच्या अटीत बसतं का माहीत नाही. यात गंमत कमी आणि पोलिसगिरी जास्त आहे.

*

(धागालेखिका) बसतं की! उलट छानच बसतं.

*

मी थोडा विरोधी सूर लावतो. लपलेलं सापडणं म्हणजेच हुशारी, असं इथे गृहीत धरलं जातंय. अमेरिकन ग्राफिक डिझायनर हर्ब लुबालिन यांनी १९६५ मध्ये एका मासिकासाठी "मदर अँड चाइल्ड" असं शीर्षक केलं. मदरमधल्या ओच्या पोकळीत "अँड"चं वळणदार चिन्ह, आणि त्याच्या कुशीत बारीक अक्षरांत चाइल्ड. ते दिसायला क्षणही लागत नाही, पहिल्याच नजरेत उदर आणि गर्भ. मासिक कधी निघालंच नाही, शीर्षक तेवढं राहिलं. त्यांच्याच "फॅमिलीज"मध्ये मधले आय, एल, आय आई-बाप-मूल होऊन उभे आहेत. दडवलेलं काहीच नाही.

कॉलेजात असताना मी हे मराठीत करायला गेलो होतो. "आई"मध्ये मूल ठेवायला बंद पोकळीच नाही. "माय"मध्ये म आहे, पण त्याची गाठ केवढीशी! शेवटी "बाळ" घेतलं. ळमध्ये पोकळ्या दोन निघाल्या. जुळी असती तर जमलं असतं.

*

ही माझी स्वतःची फजिती. नोकरीचं पहिलं वर्ष, भला मोठा फलक, त्यावर "दिवस" हा शब्द. मी टाइप केला तेव्हा ठीक होता. छपाईआधी फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली गेली आणि त्याला देवनागरी जुळवता येत नव्हती. ऱ्हस्व वेलांटी आपण व्यंजनानंतर टाइप करतो, पण ती बसते व्यंजनाच्या आधी. ही अदलाबदल सॉफ्टवेअरने करायची असते. त्याने ती केली नाही, आणि दिवसाचा "दविस" झाला. जोडाक्षरंही सुटी होऊन पाय मोडून पडली. फलक दोन दिवस तसाच उभा होता.

तक्रार एकही आली नाही, हे मला जास्त लागलं. लोकांनी "दविस" बघितला आणि "दिवस" वाचला. अक्षराकडे कुणी बघतच नाही, बघतात ते आम्ही आणि वरच्या ताईंची लेक.

याच्या उलट किस्सा जुन्या खचा. तेव्हाचा ख म्हणजे शेजारी शेजारी र आणि व. "रवाना झाला" हे "खाना झाला" असंही वाचता यायचं. आता खमधला र खालून वळवून वला जोडतात, तो या घोटाळ्यामुळेच. एवढ्याशा जोडाने केवढं काम केलं! संगणकावरच्या "मंगल" या फाँटचंही तसंच. तो र. कृ. जोशी यांनी घडवला. कवी, सुलेखनकार, जाहिरातीत मुरलेला माणूस. त्यांची अक्षरं आपण वर्षानुवर्षं वाचली, कुणाची आहेत हे न विचारता.

*

एका पोस्टरवरची अक्षरं कोपऱ्यांत कुरतडल्यासारखी होती. वाटलं, छपाई बिघडली. मग कळलं की पूर्वी टेलिफोन डिरेक्टरीच्या हलक्या कागदावर शाई पसरायची, म्हणून मॅथ्यू कार्टर यांनी १९७८ च्या बेल सेंटेनियल टाइपमध्ये अक्षरांच्या सांध्यांत मुद्दाम खाचा ठेवल्या. शाई पसरून त्या भरायच्या आणि अक्षर स्वच्छ उमटायचं. आता त्याच खाचा हातभर अक्षरांत, शाई नसलेल्या पडद्यावर, शोभेसाठी. आवडतात, पण पाऊस नसताना छत्री उघडल्यासारखं वाटतं.

*

सगळं वाचलं. गाडीचा फोटो काढला, मोठा करून पाहिला. ई दिसतो, एक्स दिसतो. बाण कुठे आहे?

*

(धागालेखिका) अक्षरं वाचू नका, मधली पांढरी जागा बघा. तरीही नाही दिसला, तर घरात चार वर्षांचं कुणी असेल त्याला विचारा.