मधुमेहींचे पाय आणि घरात लागणारं सामान: तुमचे अनुभव सांगा

आईची शुगर जुनी आहे. आता तळपायांना मुंग्या येतात, मधूनच बधिर वाटतात. डॉक्टरांनी सूचनांचा कागद दिलाय. पण मला हवंय ते रोजच्या घरातलं: तुम्ही काय विकत घेता, काय उगाच घेतलंत, पायांकडे कोण आणि कधी बघतं? गोळ्यांचे डोस इथे नकोत, ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांकडे.

सातारा
आमचे सासरे वारकरी. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगून तळव्याला नायलॉनचा जाड दोरा टेकवला. दहा ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो, तेवढा स्पर्श कळायला हवा. मामंजी म्हणाले, "लावा की आता!" दोरा तोवर तीन ठिकाणी लावून झाला होता. घरी आल्यावर चपला उलट्या केल्या, तर एकीत बाभळीचा काटा तळ फोडून आत आलेला. पायात काटा आणि माणूस निवांत.

तेव्हापासून रात्रीची जेवणं झाली की ते बाजेवर पाय लांब करतात आणि नातू मोबाईलवर दोन्ही तळव्यांचे फोटो काढतो. कालचा आणि आजचा शेजारी ठेवला की लाली, फोड, भेग लगेच दिसते. वाकून बघणं या वयात जमत नाही, आरशात धड दिसत नाही. चप्पल घालण्याआधी ती झटकायची, बुटात हात फिरवायचा. वारी सोडा म्हटलं असतं तर त्यांनी डॉक्टर बदलला असता! म्हणून तडजोड झाली: रस्ताभर बूट-मोजे, देवळात नुसते मोजे. चैत्री वारीला फरशी तापते, त्यामुळे दर्शन पहाटेच.

चिपळूण
आमच्याकडे लावणीच्या दिवसांत चिखल्या ठरलेल्या. शेतातून आलं की पाय धुवायचे आणि जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्याने बोटांच्या बेचक्या टिपायच्या. खोबरेल टाचांना लावा, बेचक्यांत नको, तिथे ओल राहते. आणि गरम पाण्यात पाय बुडवून बसणं बंद! बधिर पायाला चटका कळत नाही. पाणी कोपराने बघा.

नाशिक
'मधुमेहींसाठी' छापलेले महागडे मोजे आणून पस्तावू नका. सैल इलॅस्टिकचे पांढरे सुती मोजे पुरतात. पांढरेच घ्या, रक्ताचा वा पुवाचा डाग पटकन दिसतो. चप्पल मात्र स्वस्तातली नको. एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची, मागे पट्टा असलेली घ्या. अंगठ्याची चप्पल बधिर पायातून निसटते आणि पत्ता लागत नाही. खरेदी संध्याकाळी, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. कुरूप झालं तर औषधी पट्टी लावू नका, ब्लेड तर नकोच. त्या पट्टीतलं आम्ल चांगली कातडीही खातं.

अकोला
सामानाचं विचारलंत म्हणून: इन्शुलिनच्या बाटलीवर ४० आहे की १०० (एका मिलिलिटरमध्ये किती युनिट) ते बघूनच त्याच आकड्याची सिरिंज घ्या. ४०च्या सिरिंजला लाल टोपण, १००च्या सिरिंजला केशरी. ४०ची बाटली आणि १००ची सिरिंज अशी जोडी जमली, तर दहाच्या खुणेपर्यंत भरूनही चारच युनिट जातात. दुकानदार घाईत असतो, आपणच वाचायचं. उन्हाळ्यात लाइट गेली की आमची बाटली डब्यात घालून माठाशेजारी ओल्या वाळूत. बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलेलं इन्शुलिन फेकावंच लागतं.

लेस्टर, इंग्लंड
इथे एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, वर्षातून एकदा पाय तपासायला बोलावते, पायाची नाडीही बघतात. भारतात कुणी आपणहून बोलावत नाही, तेव्हा दर वर्षी तुम्हीच डॉक्टरांपुढे मोजे काढा. थंडीत आई हीटरला पाय लावून बसायची, ते मी बंद केलं. आता झोपताना लोकरीचे मोजे.

कोल्हापूर
जोडव्यांचं कुणीच लिहिलं नाही! माझ्या मावशीची जोडवी सुजेमुळे रुतली होती, खाली कातडी ओली आणि पांढरी पडलेली. सोनाराने कापून काढली. आता ती सणापुरती घालते, तीही सैल करून. तुमच्या आईंची आजच बघा.