रायझिंग मेनच्या तोंडाशी दुर्गंधी आणि झडणारं काँक्रीट: आधी कशाला हात घालावा?

नवी_जबाबदारी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एका वसाहतीच्या मैलापाणी यंत्रणेची देखभाल हल्लीच माझ्याकडे आली आहे. पंपिंग स्टेशनपासून ३०० मिमी व्यासाची, ३.२ किमी लांबीची रायझिंग मेन (पंपाच्या दाबाने मैलापाणी पुढे ढकलणारी बंद पाइपलाइन) निघते आणि एका काँक्रीटच्या मॅनहोलमध्ये मोकळी होते. पुढे उतारावर वाहणारी आरसीसी लाइन आहे. त्या मॅनहोलजवळ राहणाऱ्यांना सकाळी खिडक्या उघडता येत नाहीत, इतका सडक्या अंड्यांचा वास येतो. झाकण काढून वरून टॉर्च मारला तर छताचं काँक्रीट पांढरट लगदा झालेलं, खडी उघडी पडलेली, लोखंडी पायऱ्या अर्ध्या झिजलेल्या. पंपिंग स्टेशनवर मात्र वास फारसा नाही.

लोकांनी सुचवलेले उपाय: सुगंधी द्रव्याचा फवारा, हवाबंद झाकण, आतून इपॉक्सी, रसायनाचं डोसिंग. पैसे एका वेळी एकाच कामाला मिळतील. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

वेटवेल

फवारा नको. वास झाकला जातो, वायू तिथेच राहतो, आणि झाकण उघडणाऱ्या माणसाला नाकाने मिळणारी सूचनाही जाते. नुसतं हवाबंद झाकणही नको. पंप सुरू झाला की आतली हवा ढकलली जाणारच. या मॅनहोलमधून वाट मिळाली नाही तर ती पुढच्या मॅनहोलमधून किंवा घरांच्या जोडण्यांतून निघेल.

खालची_पातळी

पायऱ्या झिजल्यात म्हणालात म्हणून सगळ्यात आधी हे: त्या मॅनहोलमध्ये कोणालाही उतरवू नका. हा सडक्या अंड्यांचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड वायू. तो हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो. अगदी कमी प्रमाणातही वास येतो, पण १०० पीपीएमच्या (दहा लाख भाग हवेत १०० भाग) आसपास नाक बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. तीच पातळी जिवाला तत्काळ धोकादायक मानली जाते. ५०० च्या वर माणूस काही मिनिटांत कोसळतो. मागून वाचवायला उतरलेलेही असेच जातात, हे या कामात पुन्हा पुन्हा घडलेलं आहे. पाहणी वरून कॅमेऱ्याने करा. उतरणं टळतच नसेल तर ब्लोअर, चार वायूंचा मीटर, हार्नेस आणि ट्रायपॉड, वर थांबलेली माणसं आणि श्वसनयंत्र, यातलं एकही कमी असेल तर काम थांबवा.

आता दुखण्याबद्दल. तुमचा वायू मॅनहोलमध्ये तयार होत नाही, तिथे फक्त सुटतो. तयार होतो रायझिंग मेनमध्ये. पाइप काठोकाठ भरलेला, हवा नाही. भिंतीवरच्या बुळबुळीत थरातले जीवाणू पाण्यातल्या सल्फेटचं सल्फाइड करतात. पाणी जितकं जास्त वेळ आत राहील आणि जितकं कोमट असेल तितकं सल्फाइड जास्त. दर अंशाला साधारण ७ टक्के वाढ धरून हिशेब करतात. तोंडाशी पाणी आपटलं की वायू बाहेर पडतो.

काँक्रीट मात्र हा वायू थेट खात नाही. तो छतावरच्या ओलाव्यात विरघळतो आणि तिथले दुसरे जीवाणू त्याचं गंधकाम्ल करतात. हे जीवाणू १९४५ साली मेलबर्नमध्ये पार्कर यांनी गंजलेल्या काँक्रीटमधून वेगळे केले. आम्ल सिमेंटमधल्या चुन्याचं जिप्सम करतं, तोच तुम्हाला दिसलेला पांढरा लगदा. म्हणून पाण्याखालचा भाग शाबूत आणि वरचा भाग खलास, असं दिसतं. मॅनहोलच्या पुढच्या आरसीसी लाइनचा माथाही कॅमेऱ्याने बघून घ्या. मला त्याची काळजी जास्त वाटते, कारण तो कोणाच्या नजरेस पडत नाही.

पाणीपरीक्षक

मोजल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका असं माझं ठाम मत आहे. झाकणाखाली हायड्रोजन सल्फाइडचा डेटा लॉगर (आपोआप नोंदी ठेवणारा मीटर) आठवडाभर टांगा. सोबत रायझिंग मेनच्या दोन्ही टोकांना पाण्यातलं विरघळलेलं सल्फाइड, पीएच आणि तापमान घ्या. सल्फाइडच्या नमुन्यात जागेवरच झिंक ॲसिटेट टाका, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ते उडून जाईल आणि आकडा खोटा येईल. पंपांच्या नोंदींवरून तासागणिक प्रवाहही काढून ठेवा.

नवी_जबाबदारी

सविस्तर प्रतिसादांसाठी मनापासून आभार. मॅनहोलला कुलूप घातलं आहे. मोजमाप आलं: पंपाच्या बाजूला सल्फाइड जवळपास शून्य, तोंडाशी सरासरी ६ मिग्रॅ प्रति लिटर. पीएच ७.१. रोजचा प्रवाह सुमारे १,५०० घनमीटर, रात्री तासाला २५ पर्यंत उतरतो, सकाळी ११० पर्यंत जातो. लॉगरवरचा उच्चांक रोज सकाळीच. पाइप मॅनहोलच्या तळापासून साधारण एक मीटर उंचीवर उघडतो. लाइनमध्ये मध्यावर एक उंचवटा आणि एअर व्हॉल्व्ह आहे.

खालची_पातळी

छान, आता बोलता येईल. तुमच्या पाइपमध्ये साधारण २२६ घनमीटर पाणी मावतं. रात्रीच्या प्रवाहाला ते बदलायला नऊ तास लागतात, सकाळच्या प्रवाहाला दोन. म्हणजे रात्रभर मुरलेलं पाणी सकाळी पंप जोरात चालले की एकदम मॅनहोलमध्ये येतं. तुमचा सकाळचा वास हाच.

माझ्या मते पहिलं काम तोंडाशी. पाइपला खाली वळणारा तुकडा जोडून त्याचं टोक पाण्याच्या पातळीखाली न्या, वळणाच्या माथ्यावर हवेची छोटी नळी ठेवा. पाणी आपटायचं थांबलं की सुटणारा वायू बराच कमी होतो. खर्च डोसिंगच्या मानाने किरकोळ. पण विरघळलेलं सल्फाइड तसंच पुढे जातं, म्हणून हा पूर्ण इलाज नाही.

डोसिंग पंपिंग स्टेशनवर, जिथून रोग सुरू होतो तिथे. तुमच्या लाइनला मी कॅल्शियम नायट्रेटला पसंती देईन. जीवाणूंना नायट्रेट मिळालं की ते सल्फेटकडे वळत नाहीत. कमी पडलं तर पाइपच्या शेवटच्या भागात पुन्हा सल्फाइड बनतं, जास्त झालं तर पैसे वाया. त्यामुळे डोस दिवसभर सारखा ठेवू नका. पुरवठादार सपाट डोस लावून देतात. त्याने दुपारी उधळपट्टी होते आणि रात्री उपासमार.

रसायनवाली

लोहक्षारांचाही विचार करा, खासकरून शुद्धीकरण केंद्रात फॉस्फरस काढायचा असेल तर. तिथेही त्यांचा उपयोग होतो. तुमचं सल्फाइड दिवसाला साधारण ९ किलो. १ किलो सल्फाइड बांधायला कागदावर १.७५ किलो लोह लागतं, म्हणजे १६ किलोच्या आसपास. प्रत्यक्षात जास्तच धरा. फेरिक क्लोराइड स्वतः आम्लधर्मी आहे, टाकी आणि पाइपिंग प्लास्टिकचं हवं.

मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड टाकून पाण्याचा पीएच वाढवायचा मार्गही आहे. पीएच ७ ला विरघळलेल्या सल्फाइडचा साधारण अर्धा भाग वायूच्या रूपात असतो, ८ ला दहावा हिस्सा, ८.५ च्या वर त्याहून कमी. पण सल्फाइड नाहीसं होत नाही, दबून राहतं. पुढे कुठे आम्लयुक्त सांडपाणी मिसळत असेल तर तिथे उसळेल. मिसळत नसेल तर चांगला पर्याय. रायझिंग मेनमध्ये हवा सोडायचा सल्ला कोणी दिला तर तुमचा उंचवटा दाखवा: हवा तिथे अडकेल, प्रवाह कमी होईल आणि नेमका त्या ठिकाणी पाइपचा माथा गंजेल.

पाणीपरीक्षक

सल्फेट येतं कुठून तेही बघा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या आग्नेय भागात केलेला एक अभ्यास २०१४ साली 'सायन्स'मध्ये आला होता. तिथल्या मैलापाण्यातल्या सल्फेटचा निम्म्याहून थोडा जास्त वाटा पिण्याचं पाणी साफ करताना टाकलेल्या तुरटीचा निघाला. पाणीपुरवठा आणि मलनिःसारण यांची माणसं एकत्र बसली तर अशा गोष्टी मुळातच सुटतात. दुर्दैवाने ती क्वचितच बसतात.

नवी_जबाबदारी

मग इपॉक्सी राहू द्यायचं का? ठेकेदार म्हणतो, धुऊन लगेच लावून देतो.

काँक्रीटचं_काम

राहू द्यायचं नाही, पण क्रमाने मागे ठेवा. आणि "धुऊन लगेच" तर मुळीच नको. मऊ थर उच्च दाबाच्या पाण्याने घट्ट काँक्रीट लागेपर्यंत काढायचा, उघडी सळई साफ करायची, मग पृष्ठभागाचा पीएच तपासायचा. ताज्या काँक्रीटचा १२ च्या वर असतो, तुमच्याकडे आता १ किंवा २ निघेल. आम्ल आत ठेवून वर इपॉक्सी मारलं की ते फुगून पापुद्र्यासारखं सुटतं. आधी कॅल्शियम ॲल्युमिनेट सिमेंटच्या मॉर्टरने जाडी भरून काढा, ओलावा सोसणारं कोटिंग घ्या आणि सूक्ष्म छिद्रांसाठी स्पार्क टेस्ट निविदेतच लिहा. नाहीतर ती कोणी करत नाही.

त्याआधी छताची खपली काढून सळईवर किती आवरण उरलंय ते वरूनच काठीला लावलेल्या खरवडणीने तपासून घ्या. सळई उघडी पडली असेल आणि वरून वाहनं जात असतील तर रस्ता आजच अडवा आणि स्लॅब बदलायचं काम डोसिंगच्याही आधी घ्या.