थोरल्याचा हक्क आणि देवाची निवड: एसावावर अन्याय झाला का?

मूळ मत

बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात थोरल्याला मागे सारून धाकटा निवडला जाणे इतक्या वेळा घडते की त्याला योगायोग म्हणता येत नाही: इश्माएल असताना इसहाक, एसाव असताना याकोब, मनश्शे असताना एफ्राईम. पुढे बायबलमधल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 21व्या अध्यायातले नियमशास्त्र मात्र थोरला मुलगा नावडतीचा असला तरी त्याचा दुप्पट वाटा त्यालाच द्यावा, असे बजावते. माझ्या मते या कथांचा रोखच असा आहे की देवाची कृपा जन्मक्रमाला बांधलेली नाही. इसहाकाची जुळी मुले एसाव आणि याकोब आई रिबकेच्या पोटात झगडत होती, दोघांनी बरेवाईट काहीच केलेले नव्हते, तेव्हाच थोरला धाकट्याची सेवा करील असे तिला सांगितले गेले; ख्रिस्ताचा प्रेषित पौल यानेही रोमकरांस पत्र लिहिताना हाच मुद्दा उचलून धरला आहे.

प्रतिसाद 1

असहमत. ज्याला डावलले त्याच्या बाजूने ही कथा वाचून पाहावी. थोरल्याचा आशीर्वाद मिळवण्यासाठी याकोब एसाव बनून येतो; दृष्टी गेलेला इसहाक त्याचे हात चाचपतो, आवाज याकोबाचा आहे हे ओळखतो, आणि तरीही हातांवरच्या करडांच्या केसाळ कातड्यांमुळे फसतो. शिकार रांधून घेऊन आलेला एसाव तुमच्यापाशी एकच आशीर्वाद आहे का, असे बापाला विचारून हंबरडा फोडतो. भुकेच्या वेळी भाकर आणि मसुरीच्या वरणावर त्याने थोरलेपणाचा हक्क याकोबाला विकला, हा त्याचा उतावीळपणा खरा. पण देवाला याकोबच हवा होता, तर त्यासाठी आंधळ्या बापाला फसवावे का लागले? शिवाय एसाव हा शेजारच्या अदोमी लोकांचा मूळपुरुष आणि याकोबाच्या वंशातल्या इस्राएलाच्या दावीद राजाने अदोम जिंकले, हे लक्षात घेता या कथेने एका राष्ट्राच्या वर्चस्वाला दैवी आधार दिला, अशी शंका मला रास्त वाटते.

धागाकर्त्याचे उत्तर

राजकीय अंग मी नाकारत नाही. परंतु केवळ वर्चस्वासाठी रचलेल्या कथेने आपल्याच नायकाला इतके भोगायला लावले नसते. आमच्याकडे थोरलीच्या आधी धाकटीला देत नाहीत, असे मामा लाबान याकोबाला ऐकवतो, तेही थोरली मुलगी लेआ हिला धाकट्या राहेलच्या जागी त्याच्या गळ्यात बांधल्यावर. पुढे बोकडाच्या रक्तात बुडवलेला लाडक्या योसेफाचा झगा दाखवून याकोबाचेच इतर मुलगे त्याला फसवतात. भावांची भेट होते तेव्हा याकोबच सात वेळा भूमीपर्यंत लवतो आणि एसावाला धनी म्हणतो. निवड झाली म्हणून कपट माफ झाले, असे इथे कुठेच दिसत नाही.

प्रतिसाद 2

तरी म्हातारपणी तोच याकोब योसेफाच्या मुलांना, म्हणजे आपल्या नातवंडांना, आशीर्वाद देताना हात तिरपे करून उजवा हात धाकट्या एफ्राईमाच्या डोक्यावर ठेवतो, आणि योसेफ तो हलवू पाहतो तेव्हा ऐकत नाही. एवढे सोसूनही तो थोरल्याला पुन्हा डावलतोच, याचे उत्तर आपल्या मांडणीत मला सापडले नाही.

धागाकर्त्याचे उत्तर

तिथे कपट नाही, हाच फरक मला निर्णायक वाटतो. सारे योसेफाच्या डोळ्यांदेखत घडते, मनश्शेही थोर होईल असे याकोब त्याच वेळी सांगतो, आणि आशीर्वाद दोघांनाही मिळतो.

प्रतिसाद 1

मनश्शेला जे मिळाले, त्यासाठी एसावाला रडून विनवावे लागले होते. माझा आक्षेप त्या रडण्यापाशीच कायम आहे.