मदत हवी आहे: सहा वर्षांच्या मुलीचं हृदयाचं ऑपरेशन, तिला काय आणि कसं सांगू?

रानजाई (शुक्रवार, रात्री ९:५०)

मुलगी सहा वर्षांची, वजन १७ किलो, पहिलीत आहे. एकोमध्ये (हृदयाची सोनोग्राफी) एएसडी निघाला, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र. सायनस व्हेनोसस प्रकार, त्यात पायाच्या शिरेतून नेऊन छिद्र झाकायची छत्री बसत नाही, म्हणून छाती उघडून ओपन सर्जरी. परळच्या एका रुग्णालयात येत्या बुधवारची तारीख मिळाली आहे, मंगळवारी सकाळी भरती. आम्ही भांडुपला राहतो. घरी सासूबाई आणि मोठा मुलगा, वय १०.

ऑपरेशनचं डॉक्टरांनी नीट समजावलंय, ते इथे विचारत नाही. अडलंय ते दुसरीकडेच. मागच्या वेळी रक्त काढताना चौघांनी धरावं लागलं. तेव्हापासून इंजेक्शनचा विषय निघाला तरी ती पलंगाखाली जाऊन बसते. सासूबाईंनी तिला "छातीचा फोटो काढायला जायचंय" एवढंच सांगितलंय आणि त्यांच्या मते तेवढंच बरं. मला पटत नाही, पण सांगायचं तर कधी, आणि शब्द कोणते? आयसीयूत आम्हाला थांबू देणार नाहीत. तिथे ती एकटी जागी होईल तेव्हा काय? आणि मुलाला किती सांगायचं?

खेळघर (रात्री १०:२५)

रानजाई, सहा वर्षांच्या मुलांना साधारण चार-पाच दिवस आधी सांगावं. दोन-तीन वर्षांच्या बाळाला आदल्या दिवशी पुरतं. महिनाभर आधी सांगितलं तर महिनाभर झोप जाते आणि दारात सांगितलं तर पुढच्या कुठल्याच शब्दावर विश्वास राहत नाही. म्हणजे तुमच्याकडे उद्याचा दिवस आहे. सकाळी सांगा, रात्री झोपताना नको.

"फोटो" हा शब्द आजच मागे घ्या, आणि आजींच्या तोंडूनच घ्यायला लावा. "मला नीट माहीत नव्हतं, आई सांगते ते बरोबर" एवढं त्या म्हणाल्या तरी बास. नाहीतर छातीला टाके दिसल्यावर तिच्या दृष्टीने आजी खोटी ठरते, आणि घरी आल्यावर औषध पाजायला आजीच असणार आहेत.

"हृदयाला भोक आहे" असं म्हणू नका. या वयात भोक म्हणजे फुटलेला फुगा, सगळं गळून जाणार. असं सांगून बघा: "हृदयात चार खोल्या असतात. तुझ्या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत एक खिडकी उघडी राहिलीय, त्यामुळे रक्त चुकीच्या खोलीत जातं आणि हृदयाला जास्त काम पडतं. डॉक्टर ती खिडकी बंद करणार." "कापणार" हा शब्द टाळा, पण छातीवर मधोमध पट्टी असेल आणि काही दिवस दुखेल, हे सांगा. दुखणार नाही असं म्हणू नका. "दुखलं की सांगायचं, दुखणं कमी करायचं औषध असतं" हे वाक्य तिला पाठ असलं पाहिजे.

सांगून झालं की बाहुली घ्या. बाहुलीच्या हाताला कापूस आणि चिकटपट्टी, नाकाला कागदी कपाचा मास्क, छातीवर उभी पट्टी, पोटाजवळ स्ट्रॉची नळी. डॉक्टर तिला होऊ द्या, तुम्ही नर्स. बहुतेक मुलं बाहुलीला निर्दयपणे टोचतात. टोचू द्या. मध्येच ती "हिला का आजार झाला?" असं विचारेल, तेव्हा कान टवकारा. "हिने ऐकलं नाही म्हणून" असं उत्तर तिनेच दिलं, तर ही शिक्षा नाही हे तिथल्या तिथे सांगा. "जन्मापासूनच खिडकी उघडी होती, कोणी काही केलं म्हणून नाही."

मुलालाही हेच, थोडं जास्त तपशिलात. दहाव्या वर्षी भांडणात "मरून जा" म्हटलेलं मनात राहतं. त्यानं कबूल करण्याची वाट बघू नका, विषय तुम्हीच काढा. बारा वर्षांखालच्यांना बऱ्याच वॉर्डांत सोडत नाहीत, म्हणून भेट व्हिडिओ कॉलवर. कॉलआधी त्याला नळ्या कुठे असतील ते कागदावर काढून दाखवा.

भूलभुलैया (रात्री ११:१०)

भूल देणाऱ्यांच्या बाजूने थोडं.

सुईचं आधी. भरतीच्या दिवशी रक्त काढतील, तिथे प्रिलॉक्ससारखं बधिर करणारं मलम उपयोगी पडतं (लिग्नोकेन २.५ टक्के, प्रिलोकेन २.५ टक्के). डॉक्टरांना आधी विचारा. जी-सिक्स-पीडीची (लाल रक्तपेशींतल्या एका एन्झाइमची) कमतरता किंवा मेथहिमोग्लोबिनचा त्रास (रक्त ऑक्सिजन नीट वाहून नेत नाही) असेल तर चालत नाही. लोक चुकतात ते लावण्यात. मॉइश्चरायझरसारखं चोळून जिरवतात, मग काहीच होत नाही. जाड थर द्यायचा, एका जागी साधारण १ ते २ ग्रॅम, वर पारदर्शक ड्रेसिंग, आणि पूर्ण ६० मिनिटं थांबायचं. वीस मिनिटांत सिस्टर आल्या तर "अजून चाळीस मिनिटं देता का" हे बिनधास्त विचारा. दोन्ही कोपरांच्या लवणीत लावा, पहिली शीर हुकते. मलमाने त्वचा पांढुरकी पडते आणि शिरा आखडतात, म्हणून टोचण्याआधी दहाएक मिनिटं पुसून ठेवा. टोचल्याचं कळत नाही, दाबल्याचं कळतं. हे तिला आधी सांगा, नाहीतर दाबलं की "फसवलं" म्हणेल.

चौघांनी झोपवून दाबणं सोडा. तुम्ही खुर्चीत, ती मांडीवर तुमच्याकडे तोंड करून, पाय तुमच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना, टोचायचा हात तुमच्या काखेखालून मागे. मिठीही होते आणि हात स्थिरही राहतो. दुसऱ्या हातात साबणाच्या फुग्यांची काडी, टोचताना लांब फुंकर. विचारायचं ते "कुठल्या हाताला?" आणि "बघायचंय की नाही?" एवढंच. "टोचू का?" विचारू नका, तिने नाही म्हटलं तर पुढे काय?

उपास. भरलेल्या पोटी भूल दिली तर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. जेवण आणि दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत. चहात दूध असतं, म्हणून तो दुधातच धरायचा. नेमकी वेळ तुमचे भूलतज्ज्ञ देतील तीच. "रात्री बारानंतर काही नाही" असं सरसकट सांगितलं आणि तिचा नंबर अकराचा असेल, तर पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते आदल्या संध्याकाळीच विचारून घ्या. आणि एक अगदी आपल्याकडचं: सकाळी कोणीतरी मायेने प्रसादाचा पेढा तोंडात घालतं आणि ऑपरेशन पुढे जातं. पेढा घरी आल्यावर.

झोपेबद्दल: "डॉक्टर झोपवतील" एवढंच सांगितलं तर रात्री झोपायलाही घाबरते. "ही औषधाची झोप. मधे जाग येत नाही, काही कळत नाही, आणि काम झालं की औषध थांबवून उठवतात." आत नेण्याआधी वीस-तीस मिनिटं गुंगीचं गोड औषध देतात. त्यानंतर ती बरळेल, चालताना तोल जाईल, तेव्हा कडेवर ठेवा. मास्कला वास येतो, सुरुवातीला गुदमरल्यासारखं वाटतं. घरी कपाचा मास्क लावून "मोठा फुगा फुगव" हा खेळ खेळून ठेवा.

नखांचं पॉलिश काढा. बोटांवर मेंदी असेल तर आधी सांगा, बोटाला लावलेल्या चिमट्याची मोजणी चुकू शकते. डूल, पैंजण घरीच. सर्दी, ताप, ओला खोकला आला तर मंगळवारची वाट न पाहता फोन करा. दात किडका असेल तर तोही, कारण तोंडातले जंतू रक्तात उतरून हृदयात बसू शकतात. तारीख या कारणानेही हुकते.

सलाईन_स्टँड (शनिवार, सकाळी ७:०५)

नाइट संपवून लिहितेय, चुका पोटात घाला. फक्त आयसीयू.

पहिल्या भेटीत घाबरायला होतं ते नळ्यांमुळे, म्हणून मोजून जा. तोंडात श्वासाची नळी (एएसडीत बहुधा काही तासांत निघते), मानेत एक, मनगटात एक, छातीखाली एक-दोन निचऱ्याच्या, लघवीची एक, आणि पोटावर बारीक तारा, पेसमेकर लागलाच तर म्हणून. चेहरा, पापण्या सुजलेल्या दिसतात, ते उतरतं. श्वासाची नळी असेपर्यंत हात मऊ पट्टीने सैल बांधलेले असू शकतात, नळी ओढू नये म्हणून. शिक्षा नव्हे.

मुलीला यातलं तीनच सांगा. तोंडात नळी असेल तेव्हा आवाज निघणार नाही, तो गेलेला नसतो. शू आल्यासारखं वाटेल, पण नळीतून आपोआप जाते, गादी ओली होत नाही. आणि तहान लागेल, पण पाणी मोजून मिळेल. मुलं सगळ्यात जास्त पाण्यासाठी रडतात. हृदयावर भार नको म्हणून पाणी मोजतात, तेव्हा ओल्या कापसाने ओठ पुसण्याची परवानगी मागा. लपवून घोट देऊ नका.

पुठ्ठ्यावर चार चित्रं काढून द्या: दुखतंय, पाणी, आई, थंडी. बोलता येत नसताना डोळ्यांनी किंवा बोटाने चित्र दाखवायचं, घरी हा खेळ खेळून सराव. खेळणं द्यायचं तर धुवून वाळवलेलं, पिशवीत, नाव लिहून. तुमच्या आवाजात दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग द्या, सिस्टर मोकळ्या असल्या की लावतात. आत बहुधा एकावेळी एकालाच पाच-दहा मिनिटं सोडतात. त्यात रडून घेऊ नका, बाहेर येऊन रडा. आत सांगायचं ते वेळेचं: "मी दाराबाहेर आहे, सिस्टर तुला जेवण देतील त्यानंतर परत येईन." "पाच मिनिटांत येते" म्हणून तीन तास लावू नका.

छातीतली नळी काढताना काही सेकंद जोरात ओढल्यासारखं होतं. त्याआधी दुखण्याचं औषध दिलंय का, हे विचारणं तुमचा हक्क आहे.

तीन बॉलचं श्वासाचं खेळणं देतील. ते ओढायचं असतं. नव्वद टक्के घरांत मूल त्यात फुंकतं आणि बॉल हलत नाही म्हणून आई ओरडते. (टक्केवारी माझ्या वैतागाची आहे.) उभं धरायचं, ओठ घट्ट, स्ट्रॉने घट्ट मिल्कशेक ओढल्यासारखा सावकाश श्वास आत. तिच्या वयाला पहिला बॉल वर गेला तरी छान. जागी असताना तासाला पाच ते दहा वेळा. खोकला येईल तेव्हा छोटी उशी छातीशी घट्ट धरायची. खोकला दाबून ठेवला की कफ साचतो आणि ताप येतो.

कागदपत्रे (सकाळी ११:३०)

पैशाचं विचारलं नाहीत, तरी दोन ओळी. मंगळवारी काउंटरवर पैसे भरण्याआधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते, नंतर बिल घेऊन गेलात तर काही होत नाही. रेशनकार्ड, तिचं आणि तुमचं आधार, तिचा जन्मदाखला, एकोचा रिपोर्ट, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. कार्डावर तिचं नाव चढलंय का, आज बघा. आजार शाळेतल्या सरकारी आरोग्य तपासणीत सापडला असेल तर त्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा कागदही जोडा. रुग्णालय धर्मादाय असेल तर १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात, त्याचा अर्ज वेगळा.

रक्तदाते विचारतील. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, पुरुषांना मागच्या रक्तदानापासून ९० दिवस, बायकांना १२० दिवस झालेले. उपाशी पोटी आणू नका.

रानजाई (दुपारी ४:१५)

सकाळी सांगितलं. खिडकीचं पटलं, मग विचारलं, "खिडकी बंद करताना मी मरणार का?" मी गप्प झाले. काय म्हणायचं होतं? घरी आणल्यावरचंही सांगाल का?

खेळघर (दुपारी ४:४०)

गप्प बसलात तरी बिघडलं नाही, विषय परत काढा. "तू मघाशी विचारलंस ना. डॉक्टर हे काम खूप मुलांवर करतात. तुला सांभाळायला आत बरीच माणसं असतील आणि आम्ही बाहेरच. तू उठशील असंच आम्हाला सगळ्यांना वाटतंय." मग उलट विचारा, "तुला हे कुठून वाटलं?" बऱ्याचदा एखाद्या मालिकेतला प्रसंग किंवा घरात फोनवर ऐकलेलं वाक्य निघतं. आत्याला फोन करायचा तर गॅलरीत जाऊन करा.

घरी आल्यावर अंथरूण ओलं होणं, बाटलीने दूध मागणं, बाथरूमलाही पाठोपाठ येणं हे काही आठवडे चालतं. रागावू नका, त्याचं कौतुकही करू नका.

सलाईन_स्टँड (संध्याकाळी ६:२०)

छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे. तोवर काखेत हात घालून उचलायचं नाही, हाताला धरून ओढायचं नाही. एक हात बुडाखाली, एक खांद्यामागे. हे शेजारणींना आणि रिक्षावाल्यालाही सांगा, मदतीला तेच धावतात. सायकल, झोका, दप्तर बंद. परळहून निघताना रिक्षा मिळत नाही, टॅक्सी करा, आणि पट्टा व छातीच्या मधे उशी. लोकल नको, सेकंड क्लासमध्ये तर नकोच.

ताप, छातीत दुखणं, उलट्या, एकदम मलूल होणं: हे पहिल्या सहा आठवड्यांत कधीही झालं तर "व्हायरल असेल" म्हणून क्रोसिनवर थांबू नका. हृदयाभोवती पाणी साठू शकतं, आणि एएसडीनंतर ते विशेष बघतात. त्याच दिवशी एको. डिस्चार्जच्या वेळी रात्री कोणाला फोन करायचा तो नंबर लिहून घ्या. दाताचं काही करायचं असेल तर पहिले सहा महिने दंतवैद्यांना पॅचबद्दल (छिद्रावर शिवलेलं ठिगळ) आधी सांगा. रक्त चढवलं असेल तर एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) आणि कांजण्यांची लस काही महिने पुढे जाते, बालरोगतज्ज्ञांना विचारा.

रानजाई (रात्री ८:००)

सासूबाई "फोटो" मागे घ्यायला तयार झाल्या. त्यांचा एकच प्रश्न: गळ्यातला काळा दोरा राहू दे का?

भूलभुलैया (रात्री ८:१२)

गळ्यात नको, मानेतली नळी तिथेच असते. दोरा आजींनी आपल्या मनगटाला बांधून ठेवावा आणि तिला मंगळवारी दाखवावा. ती वॉर्डात आली की खाटेच्या दांड्याला बांधायचं सिस्टरना विचारून बघा.