शब्दचर्चा : ‘डॉक्टर स्ट्रेंज’ पाहणाऱ्यांची ‘जादू’ नेमकी कोणती?

प्रश्न

‘डॉक्टर स्ट्रेंज’ (२०१६) आणि त्याचा २०२२ सालचा दुसरा भाग यांविषयी मराठी प्रेक्षकांचे बोलणे ऐकले, की ‘जादू’ हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी येतो, पण प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो. पडद्यावरची जादू पाहून थक्क झालो, असे एक जण सांगतो. शेवटी सगळी जादूच, मग नायकाची काळजी ती काय करायची, अशी दुसऱ्याची तक्रार असते. हा जादूचा चित्रपटच नव्हे, तो मंत्रविद्येचा आहे, असे तिसरा ठासून सांगतो. तेव्हा या नायकाला ‘जादूगार’ म्हणावे की ‘मांत्रिक’? तसेच त्याचा आत्मा देहाबाहेर पडतो त्या प्रसंगांना काही जण ‘परकायाप्रवेश’ म्हणतात, ते बरोबर आहे काय? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर

आपण दिलेली तीन मते परस्परविरोधी वाटतात, कारण मराठीतला ‘जादू’ हा शब्द तीन निरनिराळी कामे करतो आणि बोलणारा त्यांतले कोणते काम सांगतो आहे, हे बहुधा सांगत नाही. पहिली जादू खेळातली. तिच्यात हातचलाखी आणि नजरबंदी असते. आपण फसवले जात आहोत हे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि तो आनंदाने फसतो. दुसरी जादू विद्येची. जादूटोणा, चेटूक, करणी हे तिचे सोयरे, आणि ती खरी मानली तरच तिला अर्थ उरतो. तिसरी केवळ परिणामाची, म्हणजे ‘तिच्या आवाजात जादू आहे’ या वाक्यातली. थक्क झालेला प्रेक्षक तिसऱ्या अर्थाने बोलतो, तक्रार करणारा पहिल्या अर्थाने, आणि मंत्रविद्येचा आग्रह धरणारा दुसऱ्या अर्थाने. तिघेही एकाच चित्रपटाविषयी बोलत असले, तरी त्यांचा वाद जुळत नाही तो यामुळे.

शब्दाचा वंशही पाहण्यासारखा आहे. ‘जादू’ मराठीत आला तो फारसीतून. परंतु त्याचे मूळ आणि वैदिक ‘यातु’ या शब्दाचे मूळ एकच आहे. ऋग्वेदात ‘यातुधान’ म्हणजे अभिचार (जादूटोणा) करणारा दुष्ट, आणि त्याच्यापासून रक्षण व्हावे म्हणून तेथे प्रार्थना केलेली आहे. त्यामुळे जादूच्या बळावर जगाचे रक्षण करणारा महानायक ही कल्पना या शब्दाच्या पूर्वेतिहासाला उलटी पडते. कदाचित म्हणूनच, चित्रपट मनापासून आवडलेले लोकही नायकाचे कौतुक करताना ‘जादू’ शब्द टाळून ‘विद्या’, ‘शक्ती’, ‘साधना’ यांच्याकडे वळतात.

‘जादूगार’ म्हटले, की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे रंगमंचावरचा खेळ करणारा उभा राहतो. ‘मांत्रिक’ म्हटले, की भूत उतरवणारा किंवा उतरवण्याचे सोंग करणारा आठवतो, आणि आजच्या बोलण्यात त्या शब्दाला संशयाचा वास आहे. स्टीफन स्ट्रेंज या दोहोंत बसत नाही. तो मुळात शल्यविशारद आहे. मोटारीच्या अपघातात त्याच्या हातांच्या नसा निकामी होतात, शस्त्रक्रियांनी गुण येत नाही, तेव्हा तो काठमांडूला जातो आणि तेथील कामरताज या ठिकाणी शिष्य म्हणून राहतो. पहिल्या चित्रपटाचा बराचसा भाग हा शिकण्याचा आहे. तेव्हा तेवढ्या भागापुरता त्याला ‘साधक’ म्हणावे आणि त्याच्या गुरूला ‘सिद्ध’ म्हणावे, असे मला वाटते. ‘मंत्रसाधक’ म्हणण्याचा मोहही होतो. परंतु चित्रपट नीट पाहिला तर मंत्रोच्चार फारच थोडा दिसतो. दिसतात त्या मुद्रा, अंगठ्या, ताईत, चालता-उडता झगा, आणि हवेत उमटणारी ठिणग्यांची वर्तुळे. हातांच्या या हालचाली बसवण्यासाठी बोटांच्या एका विशिष्ट नृत्यप्रकारात निष्णात असलेल्या कलावंताची मदत घेतली गेली होती, आणि ती मेहनत पडद्यावर दिसते. त्यांना ‘हातवारे’ म्हणणे अन्यायाचे होईल. ‘मुद्रा’ हाच शब्द योग्य आहे, आणि नायकाच्या हातांपुढे ढालीसारखी उभी राहणारी आकृती म्हणजे उघडउघड ‘मंडल’ आहे.

मुद्रा, मंडल, सिद्ध वस्तू, गुरुमुखातून मिळालेली विद्या या सर्वांना एकत्र बांधणारा नेमका मराठी शब्द आहे ‘तंत्र’. त्या हिशेबाने स्ट्रेंज हा ‘तांत्रिक’ ठरतो, आणि अर्थाच्या दृष्टीने याहून अचूक शब्द सापडणार नाही. अडचण इतकीच, की आजच्या मराठीत ‘तांत्रिक’ म्हटले की बिघाड, अडचण आणि कारण हेच शब्द आठवतात. ‘चित्रपटाची तांत्रिक बाजू उत्तम आहे’ असे लिहिणाऱ्याला छायाचित्रण, संकलन आणि संगणकीय दृश्यपरिणाम अभिप्रेत असतात. गंमत अशी, की चित्रपटातली गुरू नेमकी याच जागी येऊन थांबते. ‘मंत्र’ हा शब्द आधुनिक मनाला खटकत असेल, तर त्याला संगणकाची आज्ञावली म्हण, अशा आशयाचे ती स्ट्रेंजला सांगते. मूळ संवादात त्यासाठी दोन वेगळे शब्द योजावे लागले आहेत. मराठीत विद्या आणि यंत्रणा ही दोन्ही टोके एका ‘तंत्र’ शब्दात आधीपासूनच बांधलेली आहेत. चित्रपटाचे मराठी रूपांतर करण्याचा योग कधी आलाच, तर संवादलेखकाने हा शब्द हातचा जाऊ देऊ नये.

शंका

उत्तर पटले, तरी तक्रार करणाऱ्या प्रेक्षकाला ते पुरेसे न्याय देत नाही. तो ‘जादू’ शब्द चुकीच्या अर्थाने वापरत आहे असे मानले, तरी त्याचे म्हणणे काही शब्दापुरते नाही. विद्येने काहीही घडवता येत असेल तर संकट उरत नाही, हा त्याचा मुद्दा आहे. अशा चित्रपटाला ‘मायावी’ म्हणून सोडून द्यावे, की त्याच्यात काही नियम आहेत असे मानावे?

शंकेस उत्तर

शंका रास्त आहे. नियम आहेत की नाहीत, हे दोन प्रसंगांवरून तपासता येईल. ग्रंथालयात एकटा असताना स्ट्रेंज गळ्यातल्या ताईताची शक्ती एका सफरचंदावर आजमावतो. चावा घेतलेले सफरचंद हाताच्या वळणासरशी पुन्हा अखंड होते, उलट वळणाने खाल्ले जाते, आणखी पुढे नेले की सडते. त्यानंतर तो याच शक्तीने एका ग्रंथाची फाडून नेलेली पाने जागेवर आणतो, आणि लगेच त्याला दटावले जाते : काळाशी खेळू नकोस. येथे शक्ती, तिचा वापर आणि तिची मर्यादा ही तिन्ही एका लहानशा प्रसंगात मांडलेली आहेत. पुढे शेवटच्या संघर्षात डोर्मामू या अफाट शक्तीशी स्ट्रेंज बळाने लढतच नाही. जेथे काळ नाही अशा त्याच्या प्रदेशात तो काळाचे आवर्तन घेऊन जातो, पुनःपुन्हा मारला जातो, पुनःपुन्हा तेच वाक्य म्हणत उभा राहतो, आणि अखेर समोरचाच कंटाळून तडजोडीला येतो. ग्रंथालयात सांगितलेला नियम मोडण्याची किंमत मोजून मिळवलेला हा विजय आहे. ‘काहीही दाखवले आहे’ हा शेरा या शेवटाला तरी लागू पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तो लागू पडतो तो मधल्या काही हाणामाऱ्यांना, ज्यांत कोणाची शक्ती कोठे संपते हे कळत नाही, आणि दुसऱ्या भागातल्या बऱ्याच घटनांना.

‘मायावी’ हा शब्द मात्र मी वापरणार नाही. तो राक्षसाला किंवा कपटी माणसाला लावण्याची आपल्याकडे सवय आहे. प्रशंसेसाठी तो उपयोगाचा नाही. त्याऐवजी ‘अद्भुत’ घ्यावा. भरताच्या नाट्यशास्त्रात विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायी भाव सांगितला आहे आणि त्या रसाच्या विभावांत, म्हणजे तो रस जागवणाऱ्या कारणांत, माया व इंद्रजाल यांची नावे घेऊन गणना केलेली आहे. म्हणजे पाहणाऱ्याला विस्मय वाटावा म्हणून इंद्रजाल दाखवणे हा नाट्याचा मान्य व्यवहार आहे आणि त्यासाठी दिग्दर्शकाने ओशाळे होण्याचे कारण नाही. थक्क झालेला प्रेक्षक ‘जादू’ म्हणतो तेव्हा त्याला ‘अद्भुत’ म्हणायचे असते. केवळ तो शब्द आता रोजच्या जेवणालाही लावला जात असल्याने बोथट झाला आहे.

आरशासारख्या त्या प्रतिसृष्टीत न्यू यॉर्कच्या इमारती घडी घातल्याप्रमाणे दुमडतात आणि रस्ते भिंतींसारखे उभे राहतात, त्या दृश्याला ‘मायानगरी’ म्हणू नये. तो शब्द चित्रपटसृष्टीने कधीच बळकावला आहे. संस्कृतातून आलेला ‘गंधर्वनगर’ हा शब्द येथे चपखल बसतो. आकाशात दिसणारे, पण तेथे नसणारे नगर, असा त्याचा अर्थ आहे. आणि चित्रपटातही या प्रतिसृष्टीतल्या उलथापालथीचा खऱ्या शहराला धक्का लागत नाही. दृश्यपरिणामांसाठी या चित्रपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले होते, ते मुख्यतः अशाच दृश्यांच्या बळावर, असे मानायला हरकत नाही. कारागिरांच्या या करामतीला ‘किमया’ म्हणावे. अरबीतून आलेला हा शब्द मुळात हलक्या धातूचे सोने करण्याच्या विद्येचा असल्यामुळे, साधनांवर मेहनत घेऊन घडवलेल्या आश्चर्याला तो ‘जादू’पेक्षा अधिक न्याय देतो.

‘परकायाप्रवेशा’विषयी

मूळ प्रश्नातला हा भाग मागे राहिला. पहिल्या चित्रपटातील प्रसंगांना ‘परकायाप्रवेश’ म्हणणे चूक आहे. तेथे स्ट्रेंजचा देह निजलेला असताना त्याचे दुसरे, पारदर्शक रूप शेजारी बसून ग्रंथ वाचते. पुढे त्याच्या देहावर रुग्णालयात शस्त्रक्रिया चालू असताना तेच रूप शत्रूशी झुंजते. हे रूप दुसऱ्या कोणाच्या शरीरात शिरत नाही. त्यासाठी मराठीत ‘सूक्ष्मदेह’ आणि ‘लिंगदेह’ हे दोन तयार शब्द आहेत आणि इतक्या नेमक्या शब्दांचे भाग्य भाषेला क्वचितच लाभते. सर्वसामान्य वाचकासाठी ‘सूक्ष्मदेह’ बरा, कारण ‘लिंगदेह’ या शब्दाचा आज हमखास गैरसमज होतो.

दुसऱ्या भागात मात्र खराखुरा परकायाप्रवेश आहे. त्या भागातली प्रतिनायिका वांडा निषिद्ध ग्रंथाच्या साहाय्याने दुसऱ्या विश्वातल्या स्वतःच्याच प्रतिरूपाच्या शरीराचा ताबा घेते, आणि शेवटी स्ट्रेंज आपल्या एका मृत प्रतिरूपाच्या कलेवरात शिरून लढतो. शंकराचार्यांनी अमरु राजाच्या मृतदेहात प्रवेश केल्याची आख्यायिका ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या प्रसंगासाठी वेगळा शब्द शोधावा लागत नाही. दोन्ही चित्रपटांविषयी एका दमात बोलणाऱ्यांनी दुसऱ्यातला शब्द पहिल्याला चिकटवला असावा.

दुसऱ्या भागाविषयीची नाराजीही रसाच्या भाषेत अधिक नीट सांगता येते. त्याचे दिग्दर्शक सॅम रायमी हे भयपटांसाठी प्रसिद्ध आहेत. कुजलेले कलेवर, किंचाळणारे आत्मे आणि पाठलाग यांमुळे अद्भुताची जागा भयानक आणि बीभत्स यांनी घेतली. ‘जादू कमी पडली’ असे म्हणणाऱ्यांची खरी तक्रार रस बदलल्याची आहे. अमेरिकेत पहिल्या खेळांना आलेल्या प्रेक्षकांची मते जमवणाऱ्या ‘सिनेमास्कोर’च्या पाहणीत पहिल्या भागाला ‘ए’ आणि दुसऱ्याला ‘बी प्लस’ अशी श्रेणी मिळाली. उत्पन्न मात्र उलट : पहिल्याचे जगभरात सुमारे ६८ कोटी डॉलर, दुसऱ्याचे सुमारे ९५ कोटी डॉलर. तेव्हा ‘गाजला’ आणि ‘आवडला’ ही क्रियापदे एकमेकांच्या जागी वापरू नयेत, एवढे या निमित्ताने नोंदवतो.

पुरवणी प्रश्न आणि उत्तर

कामरताजच्या या पंथाच्या प्रमुखाला ‘सॉर्सरर सुप्रीम’ असे जे बिरुद आहे, त्याचे ‘महामांत्रिक’ असे भाषांतर काही जण करतात, आणि मग २०२१ च्या एका चित्रपटात ते पद स्ट्रेंजचा सहकारी वाँग याच्याकडे गेल्याचे कळताच ‘स्ट्रेंज अधिक समर्थ असताना असे कसे’ म्हणून चिडतात. दोष भाषांतराचा आहे. ‘महामांत्रिक’ या शब्दात सामर्थ्याची तुलना आहे. मूळ बिरुद हे पदाचे नाव आहे, जे रिक्त होते आणि दुसऱ्याकडे जाते. मधल्या काळातल्या कथेत स्ट्रेंज नाहीसा होऊन पाच वर्षे अस्तित्वातच नव्हता, म्हणून ते वाँगकडे आले. गादी, तिची परंपरा आणि तिचा वारस या तिन्ही गोष्टी ज्यात येतात, असा ‘पीठाधीश’ हा शब्द मराठीत रूढ आहे. वाँग पीठाधीश आहे आणि स्ट्रेंज सिद्ध आहे, असे म्हटले की दोघांपैकी श्रेष्ठ कोण हा प्रश्न पदाशी निगडित राहत नाही, आणि दुसऱ्या भागात स्ट्रेंजने वाँगपुढे मान लववावी की नाही यावरून जी कुरबूर होते, तिचाही अर्थ लागतो.